मुक्कामाचा नियम

सगळ्यांच्या बॅगा क्रूझर गाडीच्या टपावरून खाली आल्या. माझी आली न्हाई.

"तिची राहू दे," सर ड्रायव्हरला म्हणाले. मंग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं गाव इथून जवळच आहे ना? तू घरी जा. ज्या विद्यार्थ्याचं घर दौऱ्याच्या जागेजवळ असेल त्यानं मुक्काम घरीच करायचा. विद्यापीठाचा प्रवासाचा नियम आहे."

"बरं सर," मी म्हणाले.

तेवढंच. बरं सर.

ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडमला सोडून येऊ का?"

"नको, गाडी आत लाव. तीन किलोमीटर तर आहे. तिच्या पायाखालचा रस्ता आहे."

मंग माझी बॅग खाली आली. बाकीच्यांच्या बॅगा लोखंडी फाटकातून आत गेल्या. मी माझी खांद्याला लावली आणि आलो त्या रस्त्यानं माघारी चालायला लागले. दिवस मावळायला अजून तासभर होता. फाटकाच्या आत, ओट्यावर, खुर्च्या मांडलेल्या. पाण्याचे पेले आले होते. प्राजक्ता मागं वळून बघत होती. प्राजक्ता म्हणजे माझी होस्टेलवरची रूम पार्टनर. तिनं हात केला. मी पण केला. हसले पण.

हे आधीच सांगून टाकते. मी हसले होते.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. विद्यापीठात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला पोरी हसायच्या, म्हणून तिथं मी 'नाही' म्हणायला शिकले. हे माझं आहे, म्हणून इथं 'न्हाई'च लिहिणार आहे. माझा विषय आहे बियाण्याच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बाया. आमच्या जालना जिल्ह्यात कंपन्या शेतकऱ्यांकडून बियाणं करून घेतात. कपाशीची कळी दुपारी हातानं उघडायची, आतला नर भाग काढून टाकायचा, तिला खुणेचा दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पूड तिच्यावर लावायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. ते बाया करतात. बोटं बारीक लागतात म्हणे. माझी माय मी तिसरीत असल्यापासून क्रॉसिंग करते.

म्हणून विषय माझा. सर माझे गाईड. डिपार्टमेंटनं त्या विषयावर तीन दिवसांचा अभ्यासदौरा काढला तेव्हा सर वर्गात म्हणाले होते, "आपण हिच्या भागात जाऊन राह्यलो." 'जातोय' म्हणायच्या ऐवजी मुद्दाम माझ्या बोलीत म्हणाले. सगळे हसले. मला वाटलं, मायेनं म्हणतेत.

आम्ही आठ जण. चार पोरी, चार पोरं. सर नववे. कुठं उतरणार हे सरांनी सांगितलं नव्हतं. "हसनाबादच्या पुढं एका प्रगतशील शेतकऱ्याचा मळा आहे, माझ्या जुन्या ओळखीतले आहेत," एवढंच. गाडी डांबरी सोडून आत वळली आणि मला फाटक दिसलं. दादासाहेबांचं फाटक. आमच्या गावाकडचे सगळे त्यांना दादासाहेबच म्हणतात. मायची मजुरी त्यांच्याच प्लॉटवर. लहानपणी शाळा सुटली की मी त्या फाटकाच्या बाहेर, बाभळीखाली, मायची वाट बघत बसायचे. आत जायचं नसतं हे मला कुणी सांगितलेलं आठवत न्हाई. पण माहीत होतं.

खोटं कशाला बोलू? त्या दिवशी गाडी फाटकाशी थांबली तेव्हा मला आनंद झाला होता. आज मी आत जाणार. समोरून. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र घालून.

सर यादी घेऊन एकटेच आधी आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले. मंग ते नियमाचं बोलले.

मला राग आला न्हाई, कारण त्यांनी नियम म्हटलं होतं. आमच्या घरात नियम म्हणजे काय ते ज्याच्या घरात तसं न्हाई त्याला कसं सांगू? आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, हातात पुस्तक. माझ्या आजोबानं धर्म बदलला तेव्हा बाबा जन्मले पण नव्हते, पण बाबांनी मला चालायच्या आधी शिकवलं असेल तर हे, की लिहिलेलं आपल्या बाजूनं असतं. तोंडी चालतं ते त्यांचं. कागदावर आहे ते आपलं. म्हणून कुणी म्हटलं की असं लिहिलेलं आहे, तर माझी मान आपोआप खाली जाते. आदरानं जाते.

सरांना हे माहीत होतं. आता मला वाटतं, बराबर माहीत होतं.

माय घरासमोर कपडे काढत होती दोरीवरून. मला बघून थबकली.

"तू तं म्हन्ली व्हती पोरींसंग राहनार."

"नियम आहे माय. ज्याचं घर जवळ त्यानं घरी राहायचं."

"बाकीचे कुठं उतरले?"

"दादासाहेबाच्या मळ्यात."

तिनं हातातल्या लुगड्याची घडी घातली. मंग ती उलगडली आणि परत घातली.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली.

"काय बराबर आहे?"

"भाकर खाय. जल्दी नीज. सकाळी म्या त्याच पलाटावर हाय."

मी दोनदा विचारलं. ती कपडे घेऊन आत गेली. मला वाटलं, दमली असेल. आपली माणसं लवकर संशय घेतात असं पण वाटलं मला. अडाणीपणाचं वाटलं. मी तेव्हा सरांच्या बाजूनं होते.

सकाळी मी मायच्या आधी निघाले. मायच म्हणाली, "फुडं जाय. संग नको." प्लॉटच्या बांधावर सर उभे होते. त्यांनी सगळ्यांना प्रश्नावल्या वाटल्या आणि मला बाजूला घेतलं.

"तुझी आई इथं काम करते म्हणे?"

मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. त्यांना आत कुणीतरी सांगितलं होतं.

"हो सर."

"मग ओळख दाखवू नको. माहिती बिघडते. नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, आणि इतरांना कळू पण द्यायचं नाही. हा पण नियमच आहे."

"बरं सर."

बाया कपाशीत शिरल्या. डोक्याला फडकं, कमरेला पिशवी. माय माझ्यापासून तीन ओळी पलीकडं होती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. प्राजक्ता नेमकी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमचं शिक्षण?"

"अंगठा व्हता. आता सही येती."

"मुलं किती?"

"एक लेक."

"ती काय करते?"

मायचा हात कळीवर थांबला.

"शिकती," ती म्हणाली. "लांब."

प्राजक्तानं लिहून घेतलं. लांब. मी तीन ओळींवर. मला तोंड उघडायला किती वेळ लागला असता? ती माझी माय आहे, एवढं म्हणायला? मी दुसऱ्याच बाईला विचारत होते, पाणी प्यायला किती वेळ मिळतो. ती बाई आमच्याच गल्लीतली. ती पण मला न ओळखल्यासारखी उत्तर देत होती. सगळ्या बायांना कळलं होतं. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. मजुरीवर आलेल्या बाया विद्यापीठाच्या पोरीची लाज झाकत होत्या.

कुणी मला शिवी दिली असती तर मी ती विसरले असते. हे विसरता येत न्हाई, कारण हे मी केलं.

दहाच्या सुमाराला चहा आला. दादासाहेबांची सून दोन ट्रे घेऊन आली होती. एकात स्टीलचे कप, एकात कागदी. कागदी कप काही वर्षांपासून आहेत त्या प्लॉटवर. पूर्वी बायांसाठी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे पेले ठेवलेले असायचे, ते मी लहानपणी बघितलेत. मंग कागदी कप आले आणि भांडणच मिटलं. स्वच्छता म्हणायला मोकळे.

आम्ही विद्यार्थी बांधावर एका ओळीत उभे होतो. ती एका टोकाकडून स्टीलचे कप देत आली. प्राजक्ता, तिच्या शेजारची, तिच्या शेजारचा. माझ्यापाशी आल्यावर तिनं ट्रे बदलला. मला कागदी दिला. माझ्या पुढच्या पोराला परत स्टीलचा.

मी बायांच्या ओळीत नव्हते. मी विद्यार्थ्यांच्या ओळीत होते. मधोमध.

तिनं माझ्या तोंडाकडं पण बघितलं नव्हतं. हात आपोआप गेला होता. म्हणजे तिला सांगून ठेवलेलं होतं. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं होतं. मी कप हातात धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा काल संध्याकाळची ती दहा मिनिटं मोजली. यादी घेऊन सर आत गेले, ती दहा मिनिटं.

मी प्राजक्ताला विचारलं, "रात्री झोप लागली का?"

"लागली की. मस्त गाद्या होत्या." मंग ती घुटमळली. "अगं, आम्ही खोलीत गेलो तेव्हा चार टाकलेल्या होत्या. त्यांच्या काकू आल्या आणि एक गुंडाळून घेऊन गेल्या. मी म्हटलं, राहू द्या, तिचा विचार बदलला तर येईल ती."

"कसला विचार?"

"तूच म्हणालीस ना, मला घरी राहायचंय? आत आल्यावर सर म्हणाले तसं, की आईला भेटायचंय म्हणून तिनं परवानगी मागितली. मला जरा रागच आला होता तुझा, सांगितलं नाहीस म्हणून."

मी चहा ओतून दिला. मला सांगितलं नियम आहे. त्यांना सांगितलं तिची इच्छा आहे. एकच माणूस, एकच संध्याकाळ, दोन गोष्टी. खरा नियम असता तर दुसरी गोष्ट कशाला लागली असती?

तिथून माझं डोकं थांबेना. दिवसभर मी प्रश्नावली भरत होते आणि मागचं एकेक आठवून तपासत होते. मागच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या परिषदेला माझा निबंध मंजूर झाला होता. सर म्हणाले होते, "पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं राज्याबाहेर जायचं नाही, नियम आहे." माझा निबंध सरांनीच वाचला, तिथं जाऊन. मी खूश झाले होते. माझा निबंध सरांच्या तोंडून. प्रबंधाच्या विषयातून 'जात' हा शब्द त्यांनी गाळायला लावला होता. नियम. ग्रंथालयात उशिरापर्यंत बसायच्या यादीत माझं नाव नव्हतं. नियम. मी एकही वाचला नव्हता. एकही. लिहिलेलं आपल्या बाजूनं असतं म्हणणाऱ्या बापाची मी लेक, आणि मी ते लिहिलेलं कधी उघडून बघितलं नव्हतं.

दौऱ्याच्या आधी ऑफिसात प्रवासाच्या सूचनांवर सही घेतली होती आमची. शेवटच्या पानावर. "बाकीचं काही वाचायची गरज नाही, नेहमीचंच आहे," म्हणून क्लार्कनं पानं दाबून धरली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. मी बॅग घेऊनच सकाळच्या पहिल्या एसटीनं भोकरदनला गेले. कुणाला सांगितलं न्हाई. बाजाराजवळ एक झेरॉक्सचं दुकान लवकर उघडतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवर शोधून शोधून ते सापडलं: पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी प्रवासविषयक मार्गदर्शक सूचना. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. दुकानदारानं प्रिंट काढून दिल्या. मी स्टँडवरच्या बाकावर बसून वाचल्या. एकेक ओळ. जिथं शब्द अडला तिथं मोबाईलवर अर्थ बघितला.

घर जवळ असेल तर घरी राहा, असं कुठंच न्हाई.

सहाव्या पानावर होतं. अभ्यासदौऱ्यातल्या सगळ्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय एकाच ठिकाणी करावी. विद्यार्थिनीला एकटीला वेगळं ठेवू नये. कुणाला स्वतःहून वेगळं राहायचं असेल तर तसा लेखी अर्ज दौरा सुरू व्हायच्या आधी घ्यावा. आणि त्याच्याच खाली, एका ओळीत: राहणं, जेवण आणि प्रवास यात विद्यार्थ्या-विद्यार्थ्यात भेद होणार नाही याची जबाबदारी मार्गदर्शकाची राहील.

राज्याबाहेर जायला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बंदी? ती पण न्हाई. उलट नव्या विद्यार्थ्यांना आधी संधी द्यावी, असं लिहिलेलं होतं.

मी रडले असं सांगितलं तर बरं वाटेल ऐकायला. रडले न्हाई. मी नळावर जाऊन तोंड धुतलं आणि बाबांना फोन लावला. बाबा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहेत. तिथंच खोली घेऊन राहतात, सुट्टीला गावी येतात. मी सगळं सांगितलं. पलीकडं मशीनचा आवाज.

"कोनाला बोल्ली का?" त्यांनी विचारलं.

"अजून न्हाई."

"नको बोलू. डिग्री हातात येऊ दे. मंग भांड. आता तुझी मान त्याच्या हातात हाय."

"डिग्रीनंतर म्हणाल नोकरी येऊ दे. मंग म्हणाल पक्की होऊ दे."

"म्या तेच करीत आलो," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

अकराला मी मळ्यावर पोचले. फाटक उघडं होतं. मी आत गेले. विचारलं न्हाई कुणाला. सगळे ओट्यावर होते, बॅगा बांधून. दादासाहेब खुर्चीवर, सर त्यांच्या शेजारी.

"कुठं गेली होतीस परवानगीशिवाय?" सर म्हणाले. "दौऱ्यात असं चालत नाही. नियम असतात काही."

"कोणता नियम सर? नंबर सांगा."

ते हसले. दादासाहेबांकडं बघून हसले. मंग फाईलमधून एक टाइप केलेला कागद काढला आणि पेन त्याच्यावर आडवं ठेवून माझ्यापुढं धरला. "असू दे. यावर सही कर. ऑफिसला लागतो. निघायला उशीर होतोय."

त्या आधी मी शंभर कागदांवर तशीच उभ्या उभ्या सही केली असेल. हा मी ओट्याच्या कडेला बसून वाचला. 'मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव व स्वेच्छेने दौऱ्याच्या काळात स्वतःच्या घरी मुक्काम करू इच्छिते. तरी परवानगी मिळावी.' खाली माझं नाव. आणि तारीख. दौरा निघायच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे सरांनी सहावं पान वाचलेलं होतं. मुळात त्यांनी सगळं वाचलेलं होतं. मला न वाचलेल्याचा धाक घातला, आणि स्वतःला वाचलेल्यातून वाचवायचं होतं.

"सर, आज दौऱ्याचा तिसरा दिवस आहे. कागदावर आदल्या दिवसाची तारीख आहे."

"टाइप करताना चुकलं असेल."

"आणि माझी इच्छा नव्हती. तुम्ही म्हणालात नियम आहे. यांना म्हणालात माझी इच्छा आहे."

प्राजक्ता खाली बघत होती. दादासाहेब उठले आणि आत गेले. सर मला चार पावलं बाजूला घेऊन आले. आवाज एकदम मऊ.

"हे बघ. मी तुझ्याच भल्यासाठी केलं. इथं रात्री कुणी तुला काही बोललं असतं, वाढताना काही झालं असतं, तर तुला सहन झालं असतं का? मी तुला अपमानापासून वाचवलं."

मला वाटतं, त्यांना हे खरंच वाटत होतं. तेच जास्त भयंकर आहे.

"मंग ते मला सांगायचं होतं, सर. म्हणायचं होतं, हे लोक तुला घरात घेणार न्हाईत. मी ठरवलं असतं काय करायचं ते. आणि सगळ्यांना घेऊन भोकरदनला लॉजवर उतरायचं होतं. नियम कशाला तयार केला?"

"सही करतेस की नाही?"

"न्हाई."

मी 'नाही' म्हणाले न्हाई. न्हाई म्हणाले. घरचा शब्द तोंडातून आला.

"तुझा पीएचडीचा प्रवास अजून लांब आहे," सर म्हणाले. "मला हात वर करता येतात."

मी त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. मंग कागद घडी घालून माझ्या बॅगेत ठेवला. सरांनी हात पुढं केला, परत मागायला. मी दिला न्हाई. माझी बॅग मीच टपावर चढवली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तिथं येताना सर बसले होते. सर मागं बसले. मी अख्खा रस्ता समोर बघितला.

दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला.

"तू काय केलंस?"

"काय झालं?"

"उद्यापासून येऊ नको म्हन्ले. मुकादमानं सगळ्या बायांफुडं सांगितलं. तुझ्या न्हाई म्हनन्यापायी माझं काम गेलं. त्या पलाटावर म्या जवानी घातली. मला इचारलं व्हतं का तू?"

विचारलं नव्हतं. ती खूप बोलली. शिव्या पण दिल्या. मला आधी वाटलं होतं, माय म्हणेल बरं केलंस. पुस्तकात तसं असतं. माझी माय आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

मंग मी गावी गेले. ती चुलीपाशी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझा बाप म्हन्ला त्या कागदात काय लिव्हलंय? वाच."

मी अकरा पानं काढली आणि वाचत गेले. इंग्रजी वाचायचं, आमच्या बोलीत सांगायचं. ती कालवण हलवत ऐकत होती. सहाव्या पानावर आले. सगळ्यांची सोय एका ठिकाणी. एकटीला वेगळं ठेवू नये. भेद होऊ देऊ नये.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"असं लिव्हलेलं व्हतं? आन् त्यानं तुला चालत धाडलं?" ती उठली. फडक्याला हात पुसले. "म्या त्या सांच्याला वळखलं व्हतं. म्हन्लं, आपल्याला असंच असतंय, लेकीला कशाला बोलू. तितंच चुकलं माझं." मंग म्हणाली, "तक्रारीचा अर्ज करशील त्यात माझं पन लिव्ह. बाईला कागदी कप, लेकीला बी कागदी कप. म्या डोळ्यानं बघितलंय. बिलकुल लिव्ह."

आता ती लांबच्या एका प्लॉटवर जाते. टेंपोनं, पहाटे निघून. मला अजून पूर्ण माफ केलं का, मला माहीत न्हाई. मी विचारत न्हाई.

अर्ज मी विद्यापीठात दिला. पोच घेतली, शिक्का मारून. क्लार्क म्हणाला, पोच कशाला, आम्ही काय पळून चाललो का? मी तिथंच उभी राहिले, शिक्का मारेपर्यंत. सरांनी माझ्या प्रबंधाची प्रकरणं वाचायचं बंद केलंय. गाईड बदलून मागितला तर म्हणतेत, या विषयाला दुसरं कुणी उपलब्ध न्हाई. असेल पण खरं. मी त्यांना ते लेखी मागितलंय.

प्राजक्ता एका संध्याकाळी माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "मी खरं तेच सांगेन. पण लेखी नको. मला पण याच सरांकडं पुढचं करायचंय." मी तिच्यावर रागावले न्हाई. विश्वास पण ठेवला न्हाई. दोन्हीच्या मधल्या जागेवर आम्ही एका खोलीत राहतो. ती चहा करते, मी पिते, आणि ती बोलत असताना तिनं काय सांगितलं न्हाई ते मी शोधत असते. मी अशी नव्हते. मला असं व्हायचं पण नव्हतं. कुणी पाठीवर हात ठेवला की आता मी आधी त्या हाताकडं बघते. भाषणात कुणी समता म्हटलं की मला त्यांच्या घरातली गाद्या घातलेली खोली दिसते. यातलं काही बरं होईल असं मला वाटत न्हाई. होऊ पण नये कदाचित.

परवा चौकशी समितीचं पत्र आलं. सोमवारी अकरा वाजता बोलावलंय. सरांनी समितीला लिहून दिलंय की विद्यार्थिनीच्या भावना दुखावल्या असतील तर त्यांना खेद आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: सदर प्रकार गैरसमजातून घडल्याचे उभय पक्षांनी मान्य केल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल. एक मॅडम आहेत समितीत, त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, "एवढा एक शब्द मान्य कर. गैरसमज. तुझं काही जात नाही. दुसरा गाईड मी मिळवून देते."

मी ती ओळ दहा वेळा वाचली असेल. गैरसमज कुणाचा झाला? दादासाहेबांचा? त्यांनी यादीत माझं आडनाव वाचलं आणि त्यांना मी कोण ते लगेच कळलं. सरांचा? त्यांना दोन्ही बाजू नीट कळत होत्या, म्हणून तर दोन गोष्टी तयार ठेवल्या. सुनेचा? तिचा हात बराबर त्याच ट्रेकडं गेला. इथं सगळ्यांना सगळं समजलेलं होतं. समजलं नव्हतं ते एकटीला मला, आणि मला पण आता समजलंय.

सोमवारी मी जाणार आहे. माय येणार आहे माझ्यासंग, तिनं त्या दिवसाचं काम सोडलंय. गैरसमज हा शब्द मी मान्य करणार न्हाई. वर्ष गेलं तर जाऊ दे. पीएचडी अडली तर अडू दे, मी दुसरीकडून काढीन, पण काढीन. जे झालं त्याला नाव आहे. कायद्यात आहे, मराठीत आहे, त्या समितीतल्या प्रत्येकाला ते येतं. ते नाव त्यांनी त्यांच्या हातानं, त्यांच्या कागदावर लिहावं. तोवर माझं प्रकरण निकाली निघणार न्हाई.